मराठायटिस

मंडळी, विषय दिला होता 'आपले छंद'. तो राहू द्या, कारण परवा आमच्या घरात जुंपली. मुलगी भावाशी इंग्रजीत बोलत होती, मी मध्येच "मराठीत बोला!" म्हणून खेकसलो. तिने वर न बघता सांगितलं, "बाबा, तुम्हाला मराठायटिस झालाय."

भांडण राहिलं बाजूला, मी प्रत्यय शोधत बसलो. व्याकरणाच्या तासाला छड्या खाल्लेली आपली पिढी, दुसरं काय करणार?

हा '-आयटिस' ग्रीकांचा. गंमत म्हणजे मुळात त्यात ना रोग होता, ना सूज. अर्थ नुसता 'अमक्याची'. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा, 'आर्थ्रायटिस नोसोस' म्हणजे सांध्यांची व्याधी. 'नोसोस' ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून प्रत्ययही तसाच, आपल्या 'ची'सारखा. पुढे 'नोसोस' गळला आणि नुसती 'सांध्यांची' उरली. हसू नका, या सभागृहात निम्म्यांना 'बीपी आहे' आणि उरलेल्यांना 'शुगर'. ती नसते कोणाला?

दाह हा अर्थ वैद्यकाने पुढे पक्का केला. 1886 साली बोस्टनच्या डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी लॅटिन 'अपेंडिक्स'ला हे ग्रीक शेपूट जोडलं आणि 'अपेंडिसायटिस' चालू झाला. लेकीने तेच केलं की! मी उत्साहाने तिला म्हटलं, "अगं, मराठायटिस म्हणजे नुसतं 'मराठीची'." ती म्हणाली, "पण मला सूजच म्हणायचं होतं."

रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणं सांगितली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्या संध्याकाळी पहिली तीन माझ्याकडे होती. चौथी बहुधा तिच्याकडे गेली.

आणि मी एकटाच का? गेल्या स्नेहसंमेलनात एक पोरगं धीर करून माइकसमोर उभं राहिलं, "माझा पुस्तक" म्हणालं, आणि पहिल्या रांगेतून तीन आवाज आले, "माझं!" पुढचं वाक्य त्याने इंग्रजीत घेतलं. त्या तिघांत मी होतो की नाही, ते विचारू नका.

दाह शरीराच्या रक्षणासाठीच असतो म्हणे, पण ओसरला नाही तर सांधाच झिजवतो. आता मी खेकसायचं सोडलं तर ती मराठीत बोलेल, की मुळीच बोलणार नाही? आमच्या घरी यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही माझीच.