मे महिन्यातला कूलर, जुलैतला कूलर

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातली अरुंद गल्ली, भर दुपार. खिडकीत पत्र्याचा कूलर, बाजूच्या गवताच्या ताट्यांतून पाणी झिरपतंय.)

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्री भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. अशा गावात एखादी वस्तू माणसाचं भलं करते का, हे दुकानात कळत नाही. ती घरात आल्यावर कोणाची झोप झाली, पाणी कोणी भरलं, बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे पाहावं लागतं. आज पाहू या कूलरकडे.

बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा २७ अंशांच्या आसपास उतरते. पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॉट, म्हणजे दहा तासांत २ युनिट. दीड टनाच्या एसीला याच्या कितीतरी पट वीज लागते, आणि तो खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीसमोर ओततो. कूलर सुधारायला पाना, पक्कड आणि गल्लीतला मिस्त्री पुरतो. आमच्या मते ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

(दृश्य: ताटीचा जवळून शॉट. हिरव्या-तपकिरी गवतात एक पांढरा, कोरडा पट्टा.)

हा पांढरा पट्टा नीट पाहा. वरच्या नळीची भोकं बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी बुजली, म्हणून इथे पाणी पोहोचत नाही. त्या पट्ट्यातून गरम हवा तशीच आत शिरते. भोकं सुईने मोकळी करा आणि गवत दर हंगामात बदला. समोरची खिडकी मात्र उघडी हवी. दार-खिडक्या लावून कूलर चालवला, तर तासाभरात अंग चिकट होतं आणि दोष उगाच कूलरला जातो.

आता पाणी. भर दुपारी मोठा कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी सहज पितो. नळ चोवीस तास असेल तर त्याचं काही वाटत नाही. टँकरच्या वस्तीत मात्र तेवढं पाणी कुणाच्या तरी कमरेवरून येतं, आणि बहुतेक ती घरातली बाई असते. तिची दमछाक हिशेबात धरली नाही, तर बाकीच्यांना मिळालेला गारवा अर्धवटच मोजला जातो.

सगळ्यात गंभीर गोष्ट शॉकची. पंपाचं इन्सुलेशन गेलं की वीज पत्र्यात उतरते. तीन पिनांतली अर्थिंगची पिन तोडलेली असेल, तर तोच पत्रा जीव घेतो. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारी कळ, बसवली, तर गळती होताच ती वीज तोडते.

(दृश्य: जुलै. बाहेर पाऊस, कूलर अजून खिडकीत.)

आता हवेतच ओल असते. तापमान ३० आणि आर्द्रता ८५ टक्के असताना कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो, आणि टाकीतल्या उरलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून कूलर चालू असेपर्यंत टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. तेव्हा कूलर माळ्यावर चढवण्याआधी त्या रेषेवरून घासणी दाबून फिरवा, जुनं गवत काढून टाका आणि टाकी उन्हात कडकडीत वाळवा.