मान टाकलेली कोंबडी

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरच्या थंडीला थंडी म्हणावं की नाही, यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. दुपारी अंगात सुती सदरासुद्धा नकोसा वाटतो आणि पहाटे चारला चादरीवर चादर घ्यावी लागते. आपण चादर ओढतो, कोंबडी पिसं फुगवते. पिसांत हवा अडकते, तीच तिची चादर. म्हणून पहाटे खुराड्यात सगळ्या गोल गरगरीत दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. पण नऊ वाजून गेले, ऊन चढलं, बाकीच्या उकिरडा उकरायला लागल्या आणि एक अजून फुगूनच उभी असेल, तर हातातलं काम टाकून तिच्याकडं जा.

आमची काळी अशीच उभी होती. येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा सण, दोन दिवसांवर आलेला, घरात भज्जीची भाजी निवडणं चाललेलं. मी ज्वारी टाकली. अकराजणी धावल्या, ही जागची हलली नाही. सासूबाईंनी ओट्यावरूनच निकाल दिला, ‘‘मान टाकलीय तिनं. आज कापली तर चार तोंडांत जाईल, उद्या उकिरड्यावर जाईल.’’

हा हिशेब खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यात दुष्टपणा नाही, गरिबी आहे. पण आजारी कोंबडीचं रक्त, पिसं, आतडी अंगणात पडली की दुखणं उरलेल्या अकरांच्या चोचीपर्यंत पोचतं. मी काळीला उचललं.

आधी मला वाटलं, खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसायला आली असेल. खुडूक कोंबडीही फुगते, खायचं कमी करते. पण तिच्याखाली हात घालून बघा, लगेच गुरगुरते, टोचते. काळीनं हूं की चूं केलं नाही. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं, म्हणजे खाणं आज नाही, आठवडाभर कमी झालेलं. मला पत्ता नव्हता. गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी. तुरा फिका. आणि छातीशी कान नेला, तर आत घरघर.

आता पहिलं काम काय? आपल्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं, ब्रँडीचे दोन थेंब पाजा. अजिबात पाजू नका. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि अंगातली ऊब उलट बाहेर निघून जाते. निरोगी कोंबडीचं अंग 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा चांगलंच जास्त. ती भट्टी दाण्यावर चालते. दाणा बंद झाला की पहिला मार थंडीचा बसतो, मग रोगाचा.

म्हणून आधी ऊब. खोक्यात कोरडी चवाळी अंथरली आणि एका कोपऱ्यावर हातभर उंचीवर 60 वॅटचा बल्ब टांगला. एकाच कोपऱ्यावर, म्हणजे जास्त झालं तर तिला सरकता येतं. बल्ब जुना पिवळाच हवा. एलईडीनं उजेड पडतो, ऊब येत नाही. तसा बल्ब मिळवायला मला तीन दुकानं फिरावी लागली. बल्बला कापड लागू देऊ नका, आग लागते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच नाही. तो वायू कोंबडीला मारतो, माणसालाही मारतो.

दुसरं पाणी. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. लहान चमचे, चहाचे. पाजताना मी एकदा मोठी चूक केली होती, ती सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कोंबडीची चोच उघडून मी मायेनं चमचाभर पाणी घशात ओतलं. ती तिथल्या तिथं गुदमरून गेली. कोंबडीची श्वासाची वाट जिभेच्या मागं लगेच उघडते, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, ती गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. अर्धा तास गेला तरी चालेल.

ऊब आणि पाणी मिळाल्यावरच खाणं. गारठलेल्या अंगात खाल्लेलं पुढं सरकत नाही, पिशवीतच आंबतं. संध्याकाळी तिनं स्वतःहून चोच हलवली, तेव्हा मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांत उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून बोटावर दिला. कोंबडीला अंडं कसं द्यायचं, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, तिला विचारा.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. कोंबडी नंतर बघतो म्हणाले, आधी खुराडं दाखवा. थंडी लागू नये म्हणून मी चारी बाजूंनी खताची प्लॅस्टिकची पोती गच्च बांधली होती. ते कोंबडीच्या उंचीला वाकले आणि डोळे पुसतच उभे राहिले. मग मला वाकायला लावलं. नाकात झणका बसला. विष्ठेतून अमोनिया निघतो. ओल आणि बंद हवा असली की तो साठतो, श्वासनलिका जाळतो, आणि जळलेल्या जागी जंतू बसतात. काळीला थंडीनं नव्हे, माझ्या पोत्यांनी पाडलं होतं.

त्याच दिवशी पत्र्याखालची वीतभर पट्टी चारी बाजूंनी मोकळी केली. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जावा, अंगावरून नको. खालची ओली गादी उपसून शेंगांची कोरडी टरफलं घातली. बुरशी आलेली टरफलं घालू नका, त्यानंही छाती धरते.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. नाव सांगत नाही, कारण तुमच्या कोंबडीला तेच झालंय हे रेडिओवरून कळणार नाही. एक सांगते. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत, मांसही नाही.

आणि मान पिळवटली, हिरवी पातळ हगवण लागली, पाय लुळे पडले, तर तो राणीखेत असू शकतो, आपण मानमोडी म्हणतो तो. त्यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा, सहा ते आठ आठवड्यांला आर टू बी. लस बर्फात आणा, पिशवीत उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवा, किंवा 1962 वर फोन करा.

काळी पाचव्या दिवशी खोक्यातून उडी मारून बाहेर आली. तरी मी बल्ब एकदम काढला नाही. 60 चा 40 केला, मग फक्त रात्री. घरघर थांबून औषध संपल्यावर दोन दिवस अंगणात डालग्याखाली ठेवली, बाकीच्यांना दिसेल अशी. थेट सोडली असती तर टोचून मारली असती. आठ-दहा दिवस कोंबडी गैरहजर राहिली की तिची जागा दुसरीनं घेतलेली असते. तिसऱ्या रात्री अंधारात गुपचूप दांडीवर बसवली. सकाळी एकदोन चोची बसल्याच.

अंड्याची घाई केली नाही. डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम 11 तासांचा, आणि भरपूर अंड्यांना उजेड लागतो 14 तासांच्या पुढं. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उलगडत आली तेव्हा तिनं पहिलं अंडं घातलं. सासूबाईंनी ते हातात घेतलं, उन्हाकडं धरून बघितलं आणि मला विचारलं, ‘‘औषधाचे दिवस संपले का गं?’’

नमस्कार.