शंभर टनांचा गडी

(लातुरात कॉलेजच्या गेमर मुलांपुढं केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. इकडं येताना औशाच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं लागला. दहा मिनिटं त्याच्या मागं गेली, पण भाषणाची तयारी तिथंच झाली. तो ड्रायव्हर चढ लागल्यावर गिअर बदलत नव्हता, चढ दिसल्याबरोबर बदलत होता. वळण यायच्या कितीतरी आधी त्यानं ट्रॉल्या बाहेरून घ्यायला सुरुवात केली. आपल्या मागं किती वजन आहे हे तो एक क्षणही विसरत नव्हता.

तुम्ही मेकवॉरिअर ऑनलाइन या गेममध्ये ॲटलास, म्हणजे तो अवाढव्य लढाऊ रोबो, चालवता तेव्हा नेमकं हेच विसरता.

मेकवॉरिअर ऑनलाइन 2013 साली आला. तो ज्या बॅटलटेकवर उभा आहे तो टेबलावरचा खेळ त्याहून कितीतरी जुना, 1984 सालचा. बारा विरुद्ध बारा, आणि सगळ्यात जड गट ॲसॉल्ट, 80 ते 100 टनांचा. ॲटलास पूर्ण शंभर टनांचा. 300 रेटिंगचं इंजिन असलं तर त्याचा वेग ताशी 48.6 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेतेरा मीटर. पाचशे मीटर जायला 37 सेकंद लागतात. वीस टनांचा लोकस्ट तेवढंच अंतर बारा सेकंदांत कापतो. म्हणजे चुकीच्या टेकडीमागं जाऊन उभे राहिलात, तर ती चूक दुरुस्त करायला तुमच्याकडं वेळच नसतो. हलक्या गड्याला चूक परवडते, आपल्याला नाही.

म्हणून सामना सुरू झाला की पहिलं काम बंदुकीचं नाही, नकाशाचं. आपले अकरा जण कुठं निघालेत? बहुतेक सामन्यांत दोन्ही टीम मधल्या टेकडीभोवती गोल फिरायला लागतात, एकमेकांच्या पाठीमागं जाण्यासाठी. याला गडी नॅस्कार म्हणतात, अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवरच्या मोटार शर्यतीवरून. पळणारे पळतात आणि ॲटलास एकटा मागं राहतो. मग माइकवर ओरडा ऐकू येतो, "अरे, थांबा की, कुठं जायलाव सगळे?" तोवर शत्रूचे तीन लाइट, म्हणजे हलके, पळणारे रोबो, पाठीशी आलेले असतात. उपाय साधा आहे: गोलाच्या आतल्या बाजूनं चाला, अंतर कमी पडतं. आणि मागं पडणार हे दिसलं की पळू नका. पाठ भिंतीला लावा, तोंड वळवा, आणि सांगून टाका, "मी इथंच उभा राहायलोय, दोघं माझ्याकडं या."

देवगिरी तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. खंदक, ताशीव कडा, ती अंधारी. त्याच्याहून भक्कम ॲसॉल्ट कुठला? पण 1296 साली अल्लाउद्दीन खलजी आला तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होतं. किल्ला जागेवर, लढणारे लांब. कोठारातल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असंही सांगतात. निघण्याआधी आपला दारूगोळा मोजा, एवढंच त्यावरून.

आता चिलखत. सगळं मिळून ॲटलासला 614 पॉइंटपर्यंत चिलखत घालता येतं. छातीच्या मधल्या भागाला 124, त्यातच पुढचं आणि पाठीचं वाटून घ्यायचं. मी सुरुवातीला जवळजवळ सगळं पुढं लावलं होतं. पुढं सागवानी दार, मागं कुडाची भिंत. एक लाइट मागून आला, दोनदा लेझर मारले, आणि माझे शंभर टन आडवे. समोरच्यांनी तर मला अजून ओरखडाही काढला नव्हता.

एवढं चिलखत असूनही माणसं लवकर मरतात, कारण ती सरळ उभी राहतात. तव्यावरची भाकरी बघा (राजकारणातली नाही म्हणत मी). फिरवली नाही तर एकाच जागी करपते. माराचंही तसंच. ॲटलासच्या मूळ डी मॉडेलमध्ये मोठी तोफ, एसी ट्वेंटी, उजव्या कुशीत असते. ती झाडली की पुन्हा भरायला चारेक सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत छाती शत्रूसमोर धरून काय करायचंय? गोळी सुटली की पाय तसेच ठेवून कंबर उजवीकडं वळवा. डावा खांदा पुढं येतो, छाती आणि तोफ आड जाते. डावा हात गेला तर जाऊ द्या. डावी कूस फुटली तरी साधं इंजिन असेल तर तुम्ही जिवंत आहात. वजन वाचवायला इनर स्फिअर या गटाचं हलकं एक्सएल इंजिन घातलं असेल तर मात्र एक कूस गेली की खेळ संपला. तोफ भरत आली की परत समोर, तोफ झाडा, परत वळा. दोन्ही कुशी गेलेला ॲटलास छातीतल्या दोन लेझरवर लढताना मी पाहिलाय. त्याला झोंबी म्हणतात.

उष्णतेबद्दल परभणीच्या मे महिन्यात राहिलेल्यांना मी काय सांगू? टेरा थर्मासारख्या तापलेल्या नकाशावर सगळी शस्त्रं एकदम झाडू नका, यंत्र तापून बंद पडतं. बंद पडलेला ॲटलास म्हणजे रस्त्यात पंक्चर झालेली ट्रॉली.

एक तक्रार तुमच्या हलक्या गड्यांबद्दल. आमच्या पाठीला चिकटून उभे राहू नका रे. तोफ झाडून आम्हाला टेकडीआड मागं सरकायचं असतं, आणि मागं तुम्ही! परवाच मी असा अडकून मेलो. वर तोच गडी म्हणतो, "काका, तुम्ही हललाच नाही."

आणि ज्यांची टीम मेली पण ज्यांच्या ॲटलासचं चिलखत कोरं राहिलं, त्यांनी ते कुणासाठी राखलं होतं? ते खर्चायलाच दिलंय, फक्त सावकाश खर्चायचं.

बरं, सहा मशीन चालू आहेत. दोघांनी ॲटलास घ्या, चौघं त्यांच्याबरोबर चाला. पुढं नाही, बरोबर.