०.६८५ : एक आकडा, दोन देश

(दृश्य : गोवंडीतली गल्ली, पहाट. सामायिक नळ, ओळीने लावलेले हंडे, निळा ड्रम.)

नळाला पाणी आलंय. ते जायच्या आत ड्रम भरायला हवा. मुंबईत इमारतीत राहणाऱ्याला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, झोपडपट्टीत ४५ लिटर. तलाव तेच, महापालिका तीच. म्हणून ‘भारतातलं जीवनमान’ असं कुणी म्हटलं, की आधी विचारायचं : कुणाचं?

तरीही देशांची तुलना व्हायलाच हवी. त्यासाठी सर्रास वापरतात तो संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक : आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींवरून काढलेला, शून्य ते एकमधला एक आकडा. १९९० साली पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साथीने तो सुरू झाला. २०२५च्या अहवालात भारत १३०वा आहे. बांगलादेशही १३०वाच. दोघांचाही निर्देशांक ०.६८५.

बांगलादेश आपल्यापेक्षा गरीब, असं आपण धरूनच चालतो. उत्पन्नात तो मागे आहेच, पण थोडाच : खरेदीशक्तीच्या डॉलरमध्ये (म्हणजे दोन्हीकडच्या किमतींमधला फरक जमेस धरून) आपलं दरडोई उत्पन्न ९,०४७, त्यांचं ८,४९८. मग आकडा सारखा कसा? हिशोब मांडूनच बघू.

(दृश्य : वहीचं पान, पेन्सिल.)

आयुर्मानाच्या पट्टीवर २० वर्षं म्हणजे शून्य आणि ८५ म्हणजे एक. भारताचं आयुर्मान ७२. त्यातून २० वजा केले, ५२ उरले, ६५ने भागले : ०.८०. बांगलादेशचं ७४.७, म्हणजे ०.८४. शिक्षणात आपण किंचित पुढे. आज शाळेत जाणारं मूल आपल्याकडे १३ वर्षं शिकेल असा अंदाज आहे, तिकडे १२.३. मोठ्या माणसांचं झालेलं शिक्षण ६.९ आणि ६.८ वर्षं. त्यातून शिक्षणाचा आकडा निघतो ०.५९ आणि ०.५७, उत्पन्नाचा ०.६८ आणि ०.६७.

पुढे बरेच जण चुकतात. तिन्ही आकड्यांची बेरीज करून तिनाने भागतात, आणि भारताचं उत्तर ०.६९० येतं. २०१०पासून पद्धत वेगळी आहे : तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याचं घनमूळ काढायचं. त्यामुळे एक बाजू लंगडी असेल तर दुसरी ती पुरती झाकू शकत नाही.

म्हणजे पैसा आणि शाळेत त्यांना जे कमी पडलं, ते आयुष्याच्या पावणेतीन वर्षांनी भरून काढलं. ही वर्षं आली कुठून? एक मोठं कारण स्वयंपाकघरातलं आहे.

(दृश्य : वाटीत गूळ, तीन बोटांच्या चिमटीत मीठ.)

तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. जुलाबाने पोरं दगावत होती, तेव्हा १९८०पासून दहा वर्षं ब्रॅक या बांगलादेशी संस्थेच्या बायका घरोघरी बसून एकेका आईला हे शिकवत गेल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून नंतर दुसरी माणसं जाऊन तपासत, आईने कालवलेल्या पाण्याचा नमुना घेत. आईच्या लक्षात किती राहिलं, त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. योजना कागदावर न राहता हातात उतरली ती या एका अटीमुळे, असं आम्हाला वाटतं. आणि हेही सांगायला हवं : १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंना वाचवणारे डॉ. दिलीप महालनबीस आपल्याच देशातले.

आता दुसरी बाजू. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या भारतात २३ टक्के, बांगलादेशात निम्म्या. हे लग्नाचं वय ०.६८५मध्ये मोजलेलं नाही.

पाणीही मोजलेलं नाही. त्याची तुलना करायची तर तीन प्रश्न विचारा. पाणी घरात येतं का? हवं तेव्हा मिळतं का? ते शुद्ध आहे का?

(दृश्य : बांगलादेशातलं अंगण, लाल रंगाचा हातपंप.)

बांगलादेशच्या खेड्यात अंगणातच हातपंप असतो, मध्यरात्रीही हापसलं की पाणी. पहिले दोन प्रश्न सुटले. पण १९९३मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक हे विष सापडलं. तिथली मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. तपासणीत मर्यादेबाहेर गेलेले पंप लाल रंगवले, बाकीचे हिरवे. चव नाही, वास नाही, आणि उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं.

गोवंडीच्या गल्लीत बरोबर उलटं. जलवाहिनीत सोडलेलं पाणी शुद्ध केलेलं आहे. पण ते घरात येत नाही, हवं तेव्हा येत नाही, आणि ड्रममध्ये साठवून वरून तांब्या बुडवला की शुद्ध राहीलच असंही नाही. झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं, एवढ्याने बराच फरक पडतो. नळ मात्र घरात आणावाच लागतो.