डब्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर

नमस्कार श्रोतेहो.

काही सिनेमे कधी आले, कधी गेले, कुणाला पत्ताही लागत नाही. समीक्षकांनी झोडपलेले, आठवड्यात थिएटरातून उतरलेले. पण मूठभर माणसं त्यांच्यावर जीव टाकतात, संवाद तोंडपाठ म्हणतात. आणि एक दिवस लक्षात येतं, की हा सिनेमा आता मिळतच नाही. कॅसेट कधीकाळी निघाली होती, ती संपली. ओटीटीवर नाव टाकावं तर भलतंच काहीतरी समोर येतं. मी या मूठभरांतला एक. आज बोलायचंय ते या शोधाशोधीबद्दल.

सिनेमा बाजारातून उठतो तो खपला नाही म्हणून, असं आपल्याला वाटतं. तसंही होतं, पण खरं दुखणं हक्कांचं. व्हिडिओ कंपनीकडे बहुतेक वेळा काही वर्षांचा करार असतो. मुदत संपली की शिल्लक माल विकून मोकळं व्हायचं. मध्येच कंपनी बुडाली, तर हक्क कुणाकडे गेले हेही कुणी धड सांगू शकत नाही. गाण्यांचा घोळ तर वेगळाच. ‘हेवी मेटल’ हा १९८१चा ॲनिमेशनपट घ्या. त्यात रॉक गाण्यांची रेलचेल. त्या गाण्यांच्या हक्कांचा गुंता सुटून रीतसर कॅसेट यायला १९९६ उजाडलं. तोवर चाहते टीव्हीवरून उतरवलेल्या, कॉपीची कॉपी झालेल्या धूसर कॅसेटींवर भागवत होते. कधी असंही होतं, की सिनेमा पुन्हा निघतो, पण गाण्याचे हक्क न मिळाल्याने त्या जागी दुसरंच काहीतरी वाजतं. चित्र लख्ख, आणि प्रसंगाची पार रया गेलेली. मग जुनी कॅसेट शोधण्यावाचून इलाज नाही.

नवखा माणूस सिनेमाचं नाव घेऊन शोधायला निघतो. मीही तेच करायचो. पण नावं देशागणिक बदलतात, एकाच देशात दुसऱ्या कंपनीने काढला तरी बदलतात. शोधायची असते ती आवृत्ती. कुणी काढली, कधी काढली, किती मिनिटांची. हे सगळं डब्याच्या पाठीवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं. तिथला कॅटलॉग नंबर, म्हणजे कंपनीने त्या आवृत्तीला दिलेला क्रमांक, मी नावाआधी टिपून घेतो. विकणाऱ्याने नाव चुकीचं लिहिलं तरी नंबर सहसा बरोबर सापडतो.

मिनिटं का महत्त्वाची, ते ‘द विकर मॅन’वरून कळतं. १९७३चा हा सिनेमा ब्रिटनमध्ये थिएटरात लागला तो कापलेला, साधारण ८८ मिनिटांचा. मूळ निगेटिव्ह हरवली. मोठी आवृत्ती वाचली, कारण तिची एक प्रत आधीच अमेरिकेत रॉजर कॉर्मन या निर्मात्याकडे गेली होती. तेव्हा ‘हा सिनेमा आहे का’ असं विचारून भागत नाही. किती मिनिटांचा, ते आधी विचारायचं.

या मिनिटांनी एकदा माझीच फजिती केली. शंभर मिनिटांचा म्हणून माहीत असलेला सिनेमा मोठ्या खटपटीने मिळवला. लावला, घड्याळ पाहिलं, तर शहाण्णवाव्या मिनिटाला ‘समाप्त’. चार मिनिटं कापली! संतापून मी विकणाऱ्याला पत्र खरडायला बसलो. आधी प्रसंग मोजावेत म्हणून दुसऱ्यांदा पाहिला. सगळे प्रसंग जागच्या जागी. फक्त नायकाचा आवाज जरासा बारीक लागत होता. मग ट्यूब पेटली. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी धावतो, आणि पाल या आपल्याकडच्या, युरोपातल्या प्रक्षेपण पद्धतीचा टीव्ही पंचवीस चित्रांनी. म्हणून त्या प्रतीत सिनेमा चार टक्के जोरात पळवतात. शंभराची शहाण्णव होतात आणि स्वरही किंचित चढतो. पत्र फाडलं, हे सांगायला नको.

आता कॅसेट हातात घ्या. आधी वजन बघायचं. काही स्वस्त कंपन्या फीत वाचवण्यासाठी सिनेमा सर्वांत कमी वेगावर भरायच्या. त्यात फीत कमी, म्हणून कॅसेट हलकी, आणि चित्र पातळ ताकासारखं. मग झडप उचलून आणि खिडकीतून गुंडाळी बघायची. कडेला पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. अशी कॅसेट मोहाने यंत्रात घातलीत, तर हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. भाड्याने फिरलेल्या कॅसेटीत आणखी एक गंमत असते. सगळ्यात जास्त झिजलेली जागा कुठली, यावरून लोक कुठला प्रसंग मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघायचे, ते कळतं.

डीव्हीडी असेल तर उलटी करून बघा. कारखान्यात छापलेली बहुधा चंदेरी असते. जांभळट झाक मारली, तर कुणीतरी घरी उतरवलेली असण्याचा संशय घ्यावा. अर्थात काही कंपन्या मागणीनुसार एकेक प्रत तशीच करून देतात, तेव्हा लगेच भांडायला उठू नये. इटालियन दिग्दर्शक पाझोलिनी यांच्या ‘सालो’ची क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने १९९८ साली काढलेली डीव्हीडी लवकरच बंद पडली आणि नकली प्रती काढणाऱ्यांचं फावलं. २००८मध्ये क्रायटेरियननेच तो पुन्हा काढला. रीजन कोडचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्या आकड्याचं, फार सांगत नाही. डब्यावरच्या पृथ्वीच्या गोळ्यातला आकडा बघा आणि आपला प्लेअर तो घेतो का, ते आधी तपासा.

माझ्या यादीतला एक सिनेमा कॅसेटवरून पुढे कधी गेलाच नाही. ना डीव्हीडी, ना काही. अकरा वर्षं शोधत होतो. गेल्या महिन्यात एका ग्रंथालयाने काढून टाकलेल्या ढिगात ती कॅसेट मिळाली. पाठीवर शिक्का, फीत स्वच्छ, नंबर बरोबर. घरी येऊन व्हीसीआर लावला, तर आतला रबरी पट्टा लोंबत होता. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस, म्हणजे या कॅसेटींची पद्धत, आणली १९७६ साली, आणि फुनाई या जपानी कंपनीने शेवटचे व्हीसीआर बनवणं थांबवलं २०१६ साली. म्हणजे नवं यंत्र मिळायची बातच नको. एका कारागिराने पट्टा शोधतो म्हणून सांगितलंय. कॅसेट कपाटात आहे, उभी ठेवलेली. रोज एकदा तिची पाठ वाचतो.

नमस्कार.