कपाळावरची नागीण

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. कापसाची वेचणी ऐन भरात आहे, पण ओसरीवर बसलेल्या या आजी यंदा वावरात गेल्या नाहीत. उजव्या डोळ्यानं त्यांना दिसत नाही.

सुरुवात कपाळावर झाली. आधी नुसती आग, मग पाण्यानं भरलेले फोड. भुवईपासून केसांपर्यंत, आणि दोन फोड नाकाच्या शेंड्यावर. नागीण! घरच्यांनी गेरू लावला, उतारा केला. "तोंड अन् शेपूट जुळाले नाही पायजे, याचंच भेव होतं मले," आजी सांगतात.

ते सहसा जुळत नाहीच. नागीण मज्जातंतूच्या वाटेनं जाते आणि हा तंतू अर्ध्याच कपाळाला पुरतो. भीती धरायची ती नाकावरच्या दोन फोडांची, कारण शेंड्यावर येणारी तंतूची फांदी डोळ्यालाही जाते.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. तंतूच्या मुळाशी पन्नास-साठ वर्षं दडून बसतो. प्रतिकारशक्ती उतरली की उठतो, कातडीवर येतो, आणि कधी कधी तंतूंवरूनच रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतो. भिंत सुजते, रक्ताची वाट बुजते. पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसंच हे. फरक एवढाच, की वाफा दोन दिवस तग धरतो; डोळ्याचा पडदा काही तासही नाही.

आजींचे फोड सुकले, खपल्या पडल्या. काही आठवड्यांनी चूल पेटवताना "डोयापुढं एकदम अंधार आला."

कधी फोड उठतच नाहीत. पन्नाशीनंतर कानशील ठणकतं, भाकर चावताना जबडा दुखतो. कानशिलाची धमनी सुजलेली असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांना २०१५ मध्ये अशा बऱ्याच धमन्यांत हाच विषाणू दिसला. इतरांना तो तसा सापडला नाही, वाद चालू आहे. पण या सुजेत स्टेरॉइडला उशीर झाला, तर एकामागून दुसराही डोळा जाऊ शकतो. त्यात वाद नाही.

नागिणीवरचं अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध फोड उठल्यापासून शक्यतो ७२ तासांत सुरू व्हायला हवं. आजींचे ते तीन दिवस उताऱ्यात गेले.

परवा शेजारची सून कपाळाला गेरू लावून दारात आली. आजींनी तिला जवळ ओढलं, डावा डोळा तिच्या चेहऱ्याशी नेला.

"नाकाच्या शेंड्यावर आहे का वं?"