११,९३१ पायऱ्या : ब्रूस मेरिफिल्ड यांची पेप्टाइड-साधना

नमस्कार.

२६ मे १९५९ या दिवशी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील एका जीवरसायनशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगवहीत एक छोटी नोंद केली. प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या, म्हणजे पेप्टाइडे, तयार करण्यासाठी जलद, मोजमापात अचूक आणि स्वयंचलित अशा पद्धतीची गरज आहे, असा त्या नोंदीचा आशय होता. नोंद करणाऱ्याचे वय तेव्हा ३७ होते आणि संस्थेत येऊन त्याला १० वर्षे होत आली होती. त्याचे नाव रॉबर्ट ब्रूस मेरिफिल्ड. या नोंदीपासून १९८४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकापर्यंत जी वाट जाते, तिच्याविषयी आज मला सविस्तर बोलायचे आहे. ही कारकीर्द मी निवडली, कारण तिच्या केंद्रस्थानी एखादे गाजलेले प्रथिन नाही. रोजच्या कामातला कंटाळवाणा भाग हाच एक वैज्ञानिक प्रश्न आहे, असे मानून त्याच्यामागे वर्षानुवर्षे लागलेला एक माणूस आहे.

मेरिफिल्ड यांचा जन्म १५ जुलै १९२१ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे झाला. कुटुंब लवकरच कॅलिफोर्नियात गेले आणि तिथेही सतत घरे बदलत राहिले, त्यामुळे त्यांच्या नऊ प्राथमिक आणि दोन माध्यमिक शाळा झाल्या. माँटेबेल्लोच्या शाळेत त्यांना रसायनशास्त्राची आणि खगोलशास्त्राची गोडी लागली. तिथे त्यांनी आरसा स्वतः घासून एक लहान परावर्ती दुर्बीण बनवली होती. आरसा घासणे हे काम किती वेळखाऊ असते हे ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असते, आणि पुढच्या कथेत हा चिवटपणा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९४३ मध्ये पदवी घेतल्यावर ते वर्षभर एका संशोधन प्रतिष्ठानात प्राण्यांची देखभाल आणि आहाराचे प्रयोग करत होते. तिथल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, शरीराची वाढ होण्यासाठी सर्व आवश्यक अमिनो आम्ले एकाच वेळी मिळावी लागतात. एक जरी मागाहून मिळाले तरी उपयोग होत नाही. या वर्षाने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे आपले शिक्षण अपुरे आहे. ते विद्यापीठात परतले आणि मॅक्स डन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय पेप्टाइड हा नव्हताच. न्यूक्लिइक आम्लांचे घटक असलेल्या पिरिमिडिनांचे प्रमाण यीस्टच्या साहाय्याने मोजण्याची ती एक पद्धत होती. १९ जूनला पदवी, दुसऱ्या दिवशी एलिझाबेथ यांच्याशी विवाह आणि तिसऱ्या दिवशी न्यूयॉर्ककडे प्रस्थान, अशा घाईत त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली. ती अखेरपर्यंत त्याच संस्थेत घडली.

रॉकफेलर संस्थेत ते डिल्वर्थ वेन वूली यांचे सहायक म्हणून रुजू झाले. वूली यांची दृष्टी मधुमेहामुळे तरुणपणीच गेली होती, तरीही ते त्या काळातील अत्यंत कल्पक जीवरसायनशास्त्रज्ञांपैकी एक होते. जिवाणूंच्या वाढीला चालना देणाऱ्या काही पेप्टाइडांवर त्यांचे काम चालू होते, आणि त्या पेप्टाइडांचे नमुने तयार करण्याचे काम मेरिफिल्ड यांच्याकडे आले. पाच-सहा अमिनो आम्लांची साखळी करायलाही महिने लागू शकतात, याचा अनुभव त्यांना तिथे आला.

हे इतके अवघड का होते, ते नीट समजून घ्यायला हवे.

(पडद्यावर : दोन अमिनो आम्लांची आकृती, दोन्ही टोके वेगवेगळ्या रंगांत)

प्रत्येक अमिनो आम्लाला दोन क्रियाशील टोके असतात : एक अमिनो टोक आणि दुसरे आम्ल टोक. एकाचे आम्ल टोक दुसऱ्याच्या अमिनो टोकाला जोडले की पेप्टाइड बंध तयार होतो आणि पाण्याचा एक रेणू वेगळा होतो. पण दोन वेगवेगळी अमिनो आम्ले नुसती एकत्र केली, तर कोण कोणाला जोडले जाईल यावर आपले काहीच नियंत्रण राहत नाही. म्हणून नको असलेले टोक आधी एका तात्पुरत्या रासायनिक गटाने झाकावे लागते, मग जोडणी करावी लागते आणि नंतर ते झाकण अशा रीतीने काढावे लागते की नुकताच तयार झालेला बंध तुटू नये. एमिल फिशर यांनी १९०७ मध्ये १८ अमिनो आम्लांची साखळी तयार केली होती, परंतु सहज काढता येईल असे झाकण त्यांच्याकडे नव्हते. ते मॅक्स बर्गमान आणि लिओनिडास झर्व्हास यांनी १९३२ मध्ये दिले. त्यानंतर व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे नोबेल मिळवले. केवळ नऊ दुव्यांची साखळी हा त्या काळी जागतिक दर्जाचा पराक्रम होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

खरी कोंडी जोडणीत नव्हती, तर जोडणीनंतरच्या कामात होती. प्रत्येक टप्प्यानंतर द्रावणात हवे असलेले पेप्टाइड, उरलेला कच्चा माल आणि नको असलेली उपउत्पादने यांचे मिश्रण शिल्लक राही. त्यातून पेप्टाइड वेगळे काढायचे, त्याचे स्फटिक करायचे, त्याची शुद्धता तपासायची आणि मगच पुढचा दुवा जोडायचा, असा शिरस्ता होता. साखळी जसजशी लांबत जाई, तसतसे ती विरघळवणे कठीण होई आणि प्रत्येक शुद्धीकरणात थोडा माल गळून जाई.

मेरिफिल्ड यांची कल्पना सांगायला अगदी सोपी आहे. माळ ओवताना दोऱ्याचे एक टोक खुंटीला पक्के बांधावे, तसे साखळीतले शेवटचे अमिनो आम्ल प्लास्टिकच्या बारीक, न विरघळणाऱ्या कणाला रासायनिक बंधाने बांधून टाकायचे. मग पुढचे अमिनो आम्ल हवे तितके जास्त ओतायचे, म्हणजे जोडणी पूर्णत्वाला जाते. आणि जे उरले ते विद्रावकाने सरळ धुऊन टाकायचे. पेप्टाइड कणाला बांधलेले असल्यामुळे ते गाळणीवरच राहते. स्फटिक करणे नाही, भांडे बदलणे नाही. झाकण काढा, धुवा, जोडा, धुवा, आणि साखळी पूर्ण झाल्यावर तीव्र आम्लाने खुंटीचा बंध तोडून पेप्टाइड मोकळे करा.

ही कल्पना त्यांनी वूली यांच्यापुढे मांडली आणि त्यांनी तिच्यावर काम करण्यास मोकळीक दिली. त्यानंतरचा काळ मला या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा वाटतो, जरी त्या काळात दाखवण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. खुंटी कशाची असावी, हाच पहिला प्रश्न होता. सेल्युलोज, पॉलिव्हिनिल अल्कोहोल, आयन-विनिमयाची रेझिने असे अनेक पदार्थ तपासून झाल्यावर पॉलिस्टायरीनच्या, डायव्हिनिलबेंझीनने विरळपणे गुंफलेल्या कणांवर ते स्थिरावले. हे कण विद्रावकात विरघळत नाहीत, पण फुगतात. त्यामुळे अभिक्रिया केवळ पृष्ठभागावर न होता कणाच्या आतपर्यंत होते. कोणते झाकण वापरायचे, ते काढताना खुंटीचा बंध तुटणार नाही हे कसे साधायचे, जोडणी खरोखर पूर्ण झाली हे कसे मोजायचे, या प्रत्येक प्रश्नाने महिने खाल्ले. १९५७ मध्ये ते सहायक प्राध्यापक आणि १९५८ मध्ये सहयोगी प्राध्यापक झाले होते. अशा पदावर असलेल्या संशोधकाने नव्या पद्धतीवर सविस्तर निबंध न देता तीन-चार वर्षे काढावीत आणि संस्थेने ते चालू द्यावे, यात त्या संस्थेचाही वाटा आहे असे मी आग्रहाने म्हणेन. शिवाय शेजारही तसाच होता. स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी अमिनो आम्लांचे विश्लेषण करणारे यंत्र त्याच संस्थेत विकसित केले होते, आणि लायमन क्रेग यांचे पेप्टाइड वेगळे करण्याचे तंत्रही तिथलेच होते. आपण बनवले ते खरोखर काय आहे, हे तपासायची उत्तम साधने त्याच आवारात होती.

१९६३ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर एकट्या मेरिफिल्ड यांचेच नाव आहे. त्यात तयार केलेली साखळी अवघ्या चार अमिनो आम्लांची होती : ल्यूसिन, अ‍ॅलनिन, ग्लायसिन आणि व्हॅलिन. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रॅडिकायनिन हे नऊ अमिनो आम्लांचे, रक्तदाबावर परिणाम करणारे पेप्टाइड काही दिवसांत तयार करून दाखवले.

स्वागत मात्र सर्वत्र झाले नाही, आणि विरोध करणाऱ्यांचा आक्षेप पोकळ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कार्बनी रसायनशास्त्राची शिस्त अशी की, प्रत्येक टप्प्यावरचा पदार्थ वेगळा काढून त्याची ओळख पटवावी. इथे तर सगळे टप्पे संपेपर्यंत पदार्थ कणाला चिकटलेलाच राहतो. एखाद्या टप्प्यावर काही साखळ्यांना नवा दुवा लागलाच नाही, तर त्या एका दुव्याने तोकड्या राहून पुढे तशाच वाढत जातात, आणि शेवटी मूळ साखळीपासून त्यांना वेगळे करणे फार कठीण होते. हिशेब करून पाहा. प्रत्येक जोडणी ९९ टक्के पूर्ण होत असेल, तर १२३ जोडण्यांनंतर, म्हणजे १२४ दुव्यांच्या साखळीत, निर्दोष साखळ्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्के उरते. जोडणी ९५ टक्केच होत असेल, तर हेच प्रमाण हजारात दोनपेक्षाही कमी होते. मेरिफिल्ड यांनी हा आक्षेप झटकून टाकला नाही. जोडणी पूर्णतेच्या अधिकाधिक जवळ कशी नेता येईल, हाच पुढे त्यांच्या प्रयोगशाळेचा विषय झाला.

दरम्यान यंत्र आले. धुणे, ढवळणे आणि गाळणे हीच कामे ठरलेल्या क्रमाने पुन्हापुन्हा करायची असतील, तर त्यासाठी माणूस कशाला, हा प्रश्न १९५९ च्या नोंदीतच होता. जॉन स्ट्यूअर्ट आणि निल्स येर्नबर्ग यांच्या साथीने १९६५ पर्यंत पहिले स्वयंचलित यंत्र उभे राहिले. खुंट्या लावलेला एक फिरता दंडगोल त्याचे नियंत्रण करी. प्रत्येक खुंटी एखादी झडप उघडी किंवा एखादा पंप चालू करी. हे यंत्र रात्रीही काम करत राही.

१९६६ मध्ये वूली यांचे निधन झाले. मेरिफिल्ड त्याच वर्षी प्राध्यापक झाले आणि प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. मग त्यांनी पेप्टाइडांच्या पलीकडचा पल्ला गाठायचे ठरवले. रायबोन्यूक्लिएज ए हे आरएनएचे तुकडे करणारे विकर १२४ अमिनो आम्लांचे आहे, आणि त्याचा क्रम मूर, स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच संस्थेत उलगडला होता. बेर्न्ड गुटे यांच्यासह मेरिफिल्ड यांनी हे विकर यंत्रावर तयार केले. त्यासाठी ३६९ रासायनिक अभिक्रिया आणि यंत्राच्या ११,९३१ पायऱ्या लागल्या. जानेवारी १९६९ मध्ये ही बातमी जाहीर झाली. त्याच वेळी मर्क कंपनीच्या एका मोठ्या गटानेही याच विकराचा मुख्य भाग जुन्या, द्रावणातल्या पद्धतीने तयार केल्याचे जाहीर केले.

(पडद्यावर : घडी पडलेले रायबोन्यूक्लिएज, चार गंधक-सेतू ठळक)

तयार झालेला माल पूर्ण शुद्ध नव्हता आणि त्याची क्षमता नैसर्गिक विकरापेक्षा कमी होती, तरीही तो आरएनए तोडत होता, आणि याचा अर्थ फार मोठा होता. विकराच्या साखळीला ठरावीक आकाराची घडी पडली, तरच ते काम करते. या विकरात आठ सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्ले) असतात आणि ती जोड्याजोड्यांनी चार गंधक-सेतू बांधतात. आठ जणांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. त्यांतला एकच प्रकार बरोबर असतो. घडी मोडलेले रायबोन्यूक्लिएज आपोआप पुन्हा योग्य घडी घेते, असे ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सेन यांनी आधीच दाखवले होते. परंतु ते विकर सजीवाकडून आलेले होते, त्यामुळे घडीची एखादी खूण त्यात आधीपासून शिल्लक असेल, अशी शंका घेता येत होती. मेरिफिल्ड यांची साखळी कधीही सजीवात नव्हती. तिच्याजवळ फक्त क्रम होता, आणि तेवढ्यावर तिने घडी घेतली.

पुढची वर्षे हायड्रोजन फ्लोराइडने पेप्टाइड कणापासून सोडवण्याची रीत, अधिक चांगली रेझिने (खुंटीचे कण) आणि तोकड्या साखळ्या शोधण्याच्या युक्त्या यांत गेली. इतरांनीही पद्धत बदलली : लुई कार्पिनो यांनी १९७० मध्ये सौम्य अल्कलीने निघणारे एफमॉक हे झाकण आणले, आणि आज बहुतेक प्रयोगशाळा तेच वापरतात. डीएनएचे छोटे तुकडे तयार करणारी यंत्रेही एका टोकाला खुंटीशी बांधून धुण्याच्या याच तत्त्वावर चालतात. एचआयव्हीवरील एन्फुव्हिर्टाइड हे ३६ अमिनो आम्लांचे औषध २००३ मध्ये मान्य झाले. त्याचे तुकडे घन कणांवरच बांधले जातात.

१९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मेरिफिल्ड यांना एकट्याला मिळाले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. काम थांबले नाही. १९९० मध्ये त्यांच्या गटाने सेक्रोपिनसारखी जिवाणूनाशक पेप्टाइडे आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट्या हाताच्या, म्हणजे सर्व डी-प्रकारच्या अमिनो आम्लांपासून तयार केली. निसर्गातील प्रथिने एल-प्रकारच्या अमिनो आम्लांची असतात, त्यामुळे जिवाणूवरच्या एखाद्या विशिष्ट ग्राहकाशी (रिसेप्टरशी) जुळून ही पेप्टाइडे काम करत असतील, तर उलटी आवृत्ती निकामी ठरायला हवी होती. ती मूळ पेप्टाइडांइतकीच प्रभावी ठरली. म्हणजे ही पेप्टाइडे कुलपातल्या किल्लीसारखी बसत नाहीत, तर थेट जिवाणूच्या पटलालाच छिद्रे पाडतात, असे दिसून आले. शिवाय प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला ही उलटी साखळी तोडता आली नाही. असा रेणू कोणत्याही सजीवाकडून मिळाला नसता. तो एकेक दुवा जोडत, धूत, पुन्हा जोडतच बांधावा लागला.